आठवं टोक

“बाई, एक उरला,” लेन्नार्ट म्हणाला, आणि मी दारातच कपाळाला हात लावला.

बटाट्याचे गोळे पातेल्यातून काढून झाले होते, वरून रस्सा घालायचा तेवढा बाकी होता, आणि इकडे या पोरानं किल्ला बांधताना एक लाकडी त्रिकोण बाहेर ठेवला होता. आता झालं जेवण. आमच्या बालवाडीत रोस्विताच्या टेबलावर तुकडा उरलेला चालत नाही. डब्यातून जेवढे काढले तेवढे सगळे आकृतीत बसलेच पाहिजेत, मग तो किल्ला असो नाहीतर कोंबडी. आणि जमलं नाही म्हणून सगळं विस्कटून टाकायचं, तेही नाही. कोंबडीचा किल्ला करायचा असेल तर एकेक तुकडा सरकवत सरकवत करायचा.

“रोस्विता, गोळे निवताहेत,” मी म्हणाले.

“निवू देत. लेन्नार्ट, हा बिचारा आता कुठे राहणार रे?”

निवू देत म्हणे! जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरात, जिथं गोळ्यांशिवाय रविवार होत नाही, तिथं जन्मलेल्या बाईनं असं बोलावं, याला काय म्हणायचं? निवलेला गोळा भिंतीवर मारला तर भिंत दुखावेल. पण मी सांगून काय उपयोग. ती आपली दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून त्या बुटक्या खुर्चीवर बसलेली. ही तिची जुनी सवय. हात मोकळे राहिले की ते आपोआप मुलाच्या तुकड्याकडे जातात, मग मूल शिकत नाही, बाईच शिकतात, असं तिचं म्हणणं. म्हणून हातांवरच बसायचं.

लेन्नार्टनं तो त्रिकोण इकडे लावून पाहिला, तिकडे लावून पाहिला. शेजारी बसलेली ओटिली बराच वेळ गप्प राहिली, आणि ओटिलीच्या मानानं तो फारच बराच वेळ होता. शेवटी तिला राहवलं नाही. “अरे, बुरूज आहे ना, तो त्रिकोणच आहे. त्याला दुसरा चिकटव. दोन त्रिकोणांचा पण त्रिकोणच होतो. मोठा.”

लेन्नार्टनं चिकटवला. बुरूज मोठा झाला, तुकडा संपला, आणि आम्ही जेवलो. गोळ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

ओटिलीनं हे कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, स्वतः शोधलेलं होतं. रोस्विता पहिल्यांदा हातात दोनच त्रिकोण देते, चौकोन तिरका कापून केलेले, आणि विचारते, यांचं काय काय होतं? बहुतेक मुलं पुन्हा चौकोन करून दाखवतात आणि खेळायला पळतात. एखादं मूल तिरपा, कलंडल्यासारखा चौकोन करतं. ओटिलीनं मोठा त्रिकोण केला आणि मग स्वैपाकघरापर्यंत येऊन मला सांगितलं की मावशी, चार घेतले की अजून मोठा होतो, आणि मग अजून, आणि मग तो या खोलीत मावणारच नाही. मी म्हटलं, माझ्या स्वैपाकघरात तर मुळीच आणू नकोस.

तर ते वर्ष रोस्विताचं शेवटचं होतं. उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. मला तिनं आधीच दम दिला होता की भाषण नको, पुष्पगुच्छ नको, आणि गेर्डा, तू रडलीस तर मी मागच्या दारानं जाईन. मुलांना तिनं सकाळच्या गोलात बसवून सरळ सांगून टाकलं. मुलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तुझी उशीवाली खुर्ची मग कुणाला मिळणार? तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तिला एकच हौस होती, भिंतीची. आमच्या बागेत अवजारं ठेवायची लाकडी खोली आहे. दर वर्षी शाळेत जाणारी मुलं आपापला त्रिकोण रंगवतात, मागे स्वतःचं नाव लिहितात, आणि सगळ्यांचे मिळून जी आकृती होते ती एगॉन त्या खोलीच्या भिंतीवर ठोकतो. एगॉन म्हणजे आमचा रखवालदार, माळी आणि सुतार, सगळं एकच माणूस. जितकी मुलं तितके त्रिकोण, त्यामुळे आकृती दर वर्षी वेगळी. एका वर्षी मासा, एका वर्षी होडी. ज्या वर्षी दोघंच होते त्या वर्षीही रोस्वितानं भिंतीवर चौकोन लावलाच. रस्त्यानं जाणारी मोठमोठी माणसं थांबून आपल्या पोरांना दाखवतात की त्या माशाची शेपटी आहे ना, ती मी.

आणि शेवटच्या वर्षी नेमकी आठ मुलं जमली. आमच्यासारख्या गावात हे म्हणजे लॉटरीच. आठ त्रिकोणांची निमुळती टोकं मधे एकत्र आणली की बरोबर गोल पुरा होतो, आणि बाहेर आठ टोकं निघतात. भिरभिऱ्यासारखा तारा. बालवाडीच्या बाईंचं शिक्षण घेताना रोस्वितानं पहिल्यांदा मांडलेली आकृती हीच, आणि भिंतीवर मात्र तिला तो कधी लावायला मिळाला नव्हता. एरवी शांत बाई, पण हिवाळाभर तारा तारा करत होती. एगॉननं लाकडाच्या त्रिकोणी पाट्या कापल्या, मुलांनी रंग निवडले, मी निरोपाचा खाऊ भरायचे छोटे कागदी कोन आणून ठेवले, आठ.

मग वसंतात ओटिलीचं ते प्रकरण झालं.

ओटिलीचं खुब्याचं हाड जन्मापासून सरकलेलं. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने पोर कमरेपासून प्लास्टरमध्ये होती. आता चालते, पळते, पण दुपार झाली की दिव्यातलं तेल संपावं तशी संपते. तोंड तेवढं चालू राहतं. शाळेत जाण्याआधी मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी निर्णय आईबापांवर सोडला, आणि आईबाप आले रोस्विताकडे. पाठवू का या वर्षी? रोस्विता म्हणाली, नका पाठवू. डोकं तयार आहे, अंग तयार नाही. एक वर्ष राहू द्या.

बरोबरच होतं ते. मी रोज तिला बघते, मीही तेच म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि ओटिलीला तर कुणीच विचारलं नव्हतं. आईच्या तोंडून घरी निसटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाकीटसुद्धा न काढता पोर रोस्वितासमोर येऊन उभी राहिली.

“मी राहावं असं तू म्हणालीस?”

रोस्विता थाप मारू शकली असती. डॉक्टर म्हणाले, आई म्हणाली, काहीही. मी भांडी पुसत मनात म्हणत होते, मार गं बाई एक थाप.

“हो,” ती म्हणाली. “मीच म्हणाले.”

ओटिलीनं मान हलवली. मग वाळत घातलेल्या पाट्यांमधून आपला त्रिकोण काढला, अर्धा पिवळा रंगवलेला, आणि आपल्या खुंटीवरच्या पिशवीत टाकला. त्या दिवसापासून ती रोस्विताशी एक अक्षर बोलली नाही.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांचं पोर, दोन दिवसांत विसरेल. तुम्हाला ओटिली माहीत नाही. ती जाऊन लहान मुलांच्या टेबलावर बसली. तिथं त्यांना फुलं मांडून दे, घरं मांडून दे, सगळं करायची, आणि प्रत्येक आकृतीत मुद्दाम एक तुकडा बाहेर ठेवायची. टेबलाच्या अगदी कडेला, रोस्विताला दिसेल असा. मग तिच्याकडे बघायची. रोस्विता बघायची आणि हातांवर बसून राहायची. माझे गोळे वेळेवर खाल्ले जाऊ लागले, पण मला त्याचा काडीचाही आनंद नव्हता.

ताऱ्याचं आता काय? रोस्वितानं उरलेल्या सात जणांना सात त्रिकोण दिले आणि म्हटलं, बघा काय होतं. झाली की, होडी झाली, कोल्हा झाला, छान कोल्हा होता. पण मुलं अडून बसली. आपलं ताऱ्याचं ठरलंय. एगॉन म्हणाला, मी एक कोरा तुकडा कापून देतो, मिटवा. तर माग्दा नावाची एक शहाणी आहे, ती म्हणाली, मागे नाव काय लिहायचं? जो कुणाचाच नाही तो कसा चालेल? रोस्वितानं ओटिलीच्या आईकरवी निरोप पाठवला की तुझा दे, तुझं टोक भिंतीवर आधीच लागेल. उत्तर आलं, मी जाणार नाहीये. जे जाणार ते लावतात.

कायदा रोस्विताचाच होता.

एका दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली आणि न सांगता बटाटे सोलायला लागली. साली इतक्या जाड काढत होती की मी सुरी काढून घेतली. “ताऱ्याचं जाऊ दे गं,” ती म्हणाली. “एक टोक नसलं तर नसलं. पण मी चुकले नाही, गेर्डा, आणि तिला मी नकोशी झालेय. दोन्ही खरं आहे. दोन आठवड्यांनी मी इथे नसेन. ही पोर पुढचं वर्षभर याच खोलीत बसणार, आणि माझं नाव निघालं की तिच्या मनात तेवढंच येणार.”

मी म्हटलं, तिच्याशी बोल. ती म्हणाली, बोलले, दोनदा. तिनं ऐकून घेतलं आणि बूट घालायला गेली. मला फार वाईट वाटलं. इतक्या मुलांच्या बाई, आणि जाताना एका मुलीपाशी अडकून पडल्या होत्या. पण सांत्वन मला जमत नाही, मी तिला बशीभर केक दिला.

निरोपाचा दिवस उजाडला. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलाला खाऊनं भरलेला कागदी कोन मिळतो. मोठा कोन घरचे देतात, छोटा मात्र बालवाडीच्या बागेतल्या आलुबुखाराच्या झाडाला लागतो. मुलं झाडाला आधीपासून पाणी घालतात, आणि निरोपाच्या सकाळी येऊन बघतात तर कोन पिकून लटकलेले. कोन पिकले म्हणजे मुलं पिकली, शाळेत जायला तयार. कोन पहाटे एगॉन टांगतो हे मोठ्यांना माहीत असतं आणि मुलांतही निम्म्यांना, पण कुणी बोलत नाही.

मी खिडकीशी कॉफी गाळत होते. सहज झाडाकडे नजर गेली, आणि मी कोन मोजले. आठ कोन.

सात मी स्वतः भरले होते. आठवा रिकामा, खोक्याच्या तळाशी तसाच पडू दिला होता. एगॉनला हाक मारून विचारलं तर तो म्हणे, हो, एक भरायचा राहिला होता तुझा, मी भरला की. रिकामा कोन झाडाला कसा टांगायचा? कशानं भरलास, म्हटलं. तो जरा ओशाळला. त्याच्याजवळ खोकल्याच्या गोळ्या होत्या, मूठभर अक्रोड होते आणि सुताराची एक पेन्सिल. वर त्यानं जुनं वर्तमानपत्र कोंबलं होतं.

त्याला काय म्हणायचं ते मी नंतर म्हटलं. तेव्हा शिडी घेऊन धावायलाही वेळ नव्हता, कारण फाटकातून आईबाप, आज्या, कॅमेरे, सगळे आत आले होते आणि मुलं झाडाकडे सुटली होती. एकेकाचं नाव घेतलं की तो पुढे होऊन कोन तोडायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. सात नावं संपली. टाळ्या संपल्या. वरच्या फांदीवर एक निळा कोन वाऱ्यानं हळूहळू फिरत राहिला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्या आलं. सगळी बाग कुंपणाकडे बघायला लागली, जिथं ओटिली लहान मुलांच्या रांगेत दोघांचे हात धरून उभी होती. रोस्विताचा चेहरा पांढरा पडला. ओटिलीची आई घाईघाईनं पुढे आली आणि लेकीला म्हणाली की जा राणी, घे, तुझाच असेल. कुणीतरी पोरीच्या भल्यासाठी टाळीही वाजवली. मला त्या माणसाच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली.

“माझा नाहीये,” ओटिली म्हणाली. “मी कुठे पिकलेय अजून? मी पुढच्या वर्षी.”

“मग झाड चुकलं,” माग्दा म्हणाली.

“झाड नाही चुकत.”

ओटिलीनं लहान मुलांचे हात सोडले आणि झाडाखाली आली. वर बघत उभी राहिली. तुकडा हातात घेऊन कुठे बसवावा याचा विचार करताना ती अशीच उभी राहते, ओठ पुढे काढून. एगॉन तोंड उघडणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

“जे जाणार त्यांचा असतो,” ती म्हणाली, स्वतःशीच. “हे सात जाणार. आणि बाई जाणार.”

मग तिनं एगॉनला खूण केली. एगॉननं तिला उचललं, अगदी जपून, कमरेला हात न लावता खांद्यावर बसवलं. तिनं कोन तोडला, खाली उतरली, आणि रोस्वितापाशी जाऊन तो दोन्ही हातांनी पुढे केला.

“घे. तुझा पिकला.”

रोस्वितानं कोन घेतला. भाषण नको म्हणणारी बाई, आणि आता तिला साधं धन्यवादसुद्धा सुचत नव्हतं. मी रडत नव्हते, हातातल्या कॉफीच्या किटलीची वाफ डोळ्यांत गेली होती.

“तू आता रागावलेली नाहीस ना?” तिनं कसंबसं विचारलं.

“आहे,” ओटिली म्हणाली. “थोडी. तुझा त्रिकोण कुठाय?”

रोस्विताचा त्रिकोण नव्हताच. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी कधी पाटी कापून घेतली नव्हती. ओटिलीनं एगॉनकडे नुसतं बघितलं, आणि तो करवत आणायला गेला. सगळे आईबाप कॉफी निववत उभे राहिले, आणि रोस्विता बागेतल्या बुटक्या बाकावर बसून, कोन मांडीवर आडवा ठेवून, लाकडाचा तुकडा रंगवायला लागली. तिला रंगच ठरवता येईना. तिनं ओटिलीला विचारलं. ओटिली म्हणाली, ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, तूच सांगतेस ना. शेवटी तिनं हिरवा घेतला. वाईट रंगवला. इतकी वर्षं मुलांना रेषेच्या आत रंगवायला शिकवणारी बाई कडेबाहेर गेली, आणि कोपऱ्यावर अंगठा उमटला. मागे नाव लिहिलं. माग्दानं ते वाचून दाखवलं, चालेल म्हणाली.

ओला होता तरी एगॉननं ठोकला. हिरवा टपकून खालच्या लेन्नार्टच्या लाल टोकावर ओघळला, लेन्नार्टनं भोकाड पसरलं, त्याला केक दिला. पण तारा पुरा झाला. मधे कुठे फट राहिली नाही, आणि ओटिलीचा अर्धा पिवळा तुकडा तिच्या पिशवीत पुढच्या वर्षासाठी तसाच राहिला. पुढच्या वर्षी किती जण आहेत हे तिनं माझ्याकडून काढून घेतलं. पाच आहेत म्हटल्यावर म्हणाली, पाचाचं घर होतं, छप्पर मी.

दुपारी सगळे पांगले. ओटिलीची आई आवराआवरीला थांबली होती, म्हणून ओटिलीही होती. रोस्वितानं पिशवी घेतली, छत्री घेतली, माझ्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, काही बोलू नकोस. ओटिली तिच्याबरोबर फाटकापर्यंत आली.

“घरी गेल्यावरच उघडायचा,” तिनं सांगितलं. “रस्त्यात नाही.”

“बरं.”

“आणि एकटीनं सगळा नाही खायचा. पोट दुखतं.”

“कुणाला तरी देईन,” रोस्विता म्हणाली. खोकल्याच्या गोळ्या आठवून मला हसू आवरेना, पण मी तोंड फिरवून घेतलं.

मग ती उतारावरून निघाली. पिशवी खांद्याला, छत्री काखेत, आणि निळा कोन दोन्ही हातांनी छातीशी उभा धरलेला, पहिल्या दिवशी शाळेत जाणारी मुलं धरतात तसा. समोरून येणारा पाववाला थांबला आणि टोपी काढून काहीतरी म्हणाला, ती हसली असावी. खालच्या वळणाशी ती थांबेल हे मला ठाऊक होतं. ओटिली माझ्या कमरेला टेकून उभी होती. तिचं वजन हळूहळू माझ्यावर यायला लागलं, तेव्हा मी खाली बघितलं. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. उभ्या उभ्याच झोप लागली होती पोरीला.

वळणाशी रोस्विता वळली आणि तिनं कोन एका हातात घेऊन दुसरा हात वर केला. इतक्या लांबून तिला काही कळणार नव्हतं. मी ओटिलीला पोटाशी धरलं, तिचा झोपलेला हात मनगटापाशी धरून वर उचलला, आणि हलवला.